झटपट तंबू किती टिकतो? गाडीतून मुक्कामाला निघण्याआधी हा हिशेब करा

डोईफोडिया (ता. खकनार, जि. बुऱ्हाणपूर) : पिशवीतून काढला, फेकला की तंबू उभा. मोबाईलवरच्या व्हिडिओत हे काम दोन-चार सेकंदांत होतं. त्यामुळे गाडी घेऊन चिखलदरा, असीरगड किंवा हनुवंतियाकडे निघणाऱ्या मंडळींना असा तंबू डिकीत असावा असं वाटणं साहजिक आहे. लॉजचा खर्च वाचतो, हवं तिथं थांबता येतं, मुलांनाही मजा वाटते. प्रश्न तंबू किती सेकंदांत उभा राहतो हा नाही. तो किती रात्री टिकतो, वारा-पावसात जागेवर राहतो का आणि मोडला तर आपल्या भागात दुरुस्त होतो का, हे तीन प्रश्न खरे. तापीखोऱ्यातली काळी माती, मे महिन्यातलं ऊन आणि अचानक सुटणारा वळवाचा वारा या तिन्हींपुढे झटपट तंबूचं काय होतं, हे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वाचकांसाठी इथं एकत्र दिलं आहे.

राहुटी आपल्याला नवी नाही

गाडीसोबत तंबू नेण्याची पद्धत या पट्ट्यात जुनीच आहे. मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून ज्येष्ठात पंढरपूरला निघणाऱ्या संत मुक्ताईंच्या पालखीसारख्या लांब पल्ल्याच्या वारीत दिंडीचं सामान वाहनात असतं. माणसं पायी चालतात, वाहन पुढच्या मुक्कामी जातं आणि दिंडी पोहोचेपर्यंत राहुट्या ठोकून तयार ठेवता येतात. जाड कापड, बांबू किंवा लोखंडी खांब, मेखा आणि तणावे एवढाच मामला. बांबू मोडला तर दुसरा मिळतो, कापड फाटलं तर ठिगळ लागतं. म्हणून एकच राहुटी वर्षानुवर्षं चालवता येते. ऊसतोड मजुरांचं पाल असो की मेंढपाळांचं, हिशेब तोच.

बुऱ्हाणपूरनं तर याहून मोठ्या छावण्या पाहिल्या आहेत. औरंगजेब १६८१च्या नोव्हेंबरात बुऱ्हाणपूरला आला, तिथून दक्षिणेत उतरला आणि १७०७ मध्ये मरेपर्यंत त्याचा बराच काळ छावणीत गेला. मुघल बादशहाच्या मुक्कामासाठी तंबूंचे दोन संच असत. एक वापरात, तर दुसरा आधीच पुढच्या मुक्कामी उभा. या पुढच्या संचाला पेशखाना म्हणत. म्हणजे वेळ वाचवण्याचा उपाय तेव्हाही होता, पण तो जादा माणसं आणि जादा सामान लावून केलेला होता. आजच्या झटपट तंबूत हे काम काड्या, स्प्रिंग आणि सांधे करतात. त्यामुळे सगळा भार त्यांच्यावर येतो आणि तंबू आधी मोडतो तोही बहुधा तिथंच.

झटपट म्हणजे नेमका कोणता?

बाजारात या नावाखाली पाच-सहा वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. घेण्याआधी आपण कोणती घेतोय हे नीट कळायला हवं.

*फेकून उघडणारा.* कापडात लवचिक कड्या शिवलेल्या असतात. पिशवीतून सोडला की स्वतःच उघडतो. डिकॅथलॉन या फ्रेंच कंपनीनं आपल्या केचुआ ब्रँडखाली २००५ मध्ये 'टू सेकंड्स' तंबू आणला, तेव्हापासून हा प्रकार जगभर माहीत झाला. उघडायला सेकंद लागतात, पण मिटायला सराव लागतो. मिटल्यावर त्याची मोठ्या परातीसारखी गोल चकती होते. छोट्या गाडीच्या डिकीत ती आडवी बसते, मोटारसायकलवर मात्र अडचणीची होते.

*छत्रीसारखा.* माथ्यावर एक सांधा असतो. दोरी ओढली किंवा सांधा दाबला की काड्या ताठ होतात. एक-दोन मिनिटांत उभा राहतो. मिटल्यावर लांबट गुंडाळी होते आणि मिटणं सोपं असतं. आज सर्वांत जास्त दिसतो तो हाच.

*पाय जोडलेला मोठा तंबू.* आत-बाहेर सरकणारे पाय आधीच कापडाला लावलेले असतात. चार-सहा जणांच्या कुटुंबाला बरा, पण वजन आणि लांबी दोन्ही जास्त. कॅरिअर किंवा मोठी डिकी हवी.

*हवा भरायचा.* काड्यांऐवजी रबरी नळ्या, त्यात पंपानं हवा भरायची. मोडायला काडीच नाही, हा फायदा. पण बाभळीच्या काट्यांच्या मुलखात पंक्चरचं सामान जवळ ठेवलंच पाहिजे.

*गाडीच्या टपावरचा.* शिडी लावून वर झोपायचं. इटलीत १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून असे तंबू बनतात. जमिनीचा ओलावा, विंचू-साप यांची चिंता कमी. पण वजन साधारण ५० ते ८० किलो, आणि अनेक साध्या गाड्यांच्या टपाला चालत्या गाडीत तेवढंच किंवा त्याहून कमी वजन चालतं. गाडीच्या माहितीपुस्तिकेत टपाची मर्यादा पाहिल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. शिवाय गाडी बाजारात न्यायची झाली तर आधी घर मिटवावं लागतं.

*डिकीला जोडायचा.* मागचं दार वर करून त्याला कापडी खोली बांधतात. सामान गाडीत, माणसं बाहेर. सोयीचा आहे, पण इंजिन बंद असेल तरच. त्याचं कारण पुढे येईल.

या सगळ्यांशेजारी साधा घुमटाकार तंबू ठेवून पाहावा. दोन लांब काड्या ओवायच्या आणि चार कोपरे अडकवायचे. सवयीच्या माणसाला दहा मिनिटं लागतात. म्हणजे झटपट तंबूनं वाचतात ती दर मुक्कामी आठ-नऊ मिनिटं. त्यांची किंमत टिकाऊपणात मोजावी लागते का, हे तपासायचं आहे.

आधी काय मोडतं?

*सांधा.* छत्रीसारख्या तंबूत माथ्यावरचा सांधा बहुतेकदा प्लास्टिकचा असतो. वाऱ्याचा दाब, घाईनं उलटा वाकवणं आणि उन्हानं ठिसूळ होणं ही त्याच्या मोडण्याची तीन कारणं. हा भाग साच्यातून काढलेला असतो. कंपनी सुटा विकत नसेल तर गावच्या कारागिराला तो करता येत नाही. एक सांधा गेला की चांगलं कापड असूनही अख्खा तंबू अडगळीत जातो.

*काड्या.* स्वस्त तंबूत फायबरच्या असतात. त्या वाकतात, पण मोडताना उभ्या चिरतात आणि त्यांचे बारीक तंतू हातात घुसतात. हातमोजा घातल्याशिवाय धरू नये. अॅल्युमिनियमच्या काड्या हलक्या आणि महाग. त्या आधी वाकतात, मग मोडतात. मोडलेल्या काडीवर बसेल अशी दीड वीत लांब धातूची नळी आणि चिकटपट्टी सोबत असली की रात्र निघते. ओवायची काडी नंतर बदलताही येते. फेकून उघडणाऱ्या तंबूची कडी एकदा मुडपली की पूर्वीचा गोल आकार पुन्हा येत नाही.

*चेन.* धुळीनं चेन अडकते, माणूस ओढतो आणि धावक सैल होतो. हे दुखणं स्वस्तात बरं होतं. बॅग दुरुस्त करणारा किंवा टेलर धावक बदलून देतो. मोठ्या दातांची चेन असलेला तंबू घ्यावा.

*शिलाई.* पाणी कापडातून क्वचित येतं, शिवणीतून येतं. आतून शिवणीवर पारदर्शक पट्टी चिकटवलेली आहे का, हे दुकानातच पाहावं. पट्टी सुटली असेल तर शिवणीला लावायचं द्रव मिळतं. ते लावून एक दिवस वाळवलं की काम होतं.

*तळ.* दगड, तूरकाठ्यांचे खुंट, काटे यांनी आधी तळच फाटतो. खाली ताडपत्री अंथरली की तळाचं आयुष्य वाढतं. ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर डोकावू देऊ नये, नाहीतर पावसाचं पाणी तिच्यावर साचून थेट खाली शिरतं.

ऊन, पाऊस आणि दव

जळगाव-भुसावळ-बुऱ्हाणपूर पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तंबूच्या कापडाचा मोठा शत्रू पाऊस नाही, ऊन आहे. सूर्याच्या अतिनील किरणांनी धागा कुजत जातो, रंग विटतो आणि एक दिवस कापड कागदासारखं फाटतं. नायलॉनपेक्षा पॉलिस्टर उन्हाला जास्त तग धरतं. जाड सुती किंवा मिश्र कॅनव्हास त्याहून बरा, पण जड. दिवसभर तंबू उभा ठेवायचाच असेल तर कडुनिंबाखाली ठेवावा. उन्हाळ्यात दुपारी बंद तंबूत झोपणं मुलांसाठी आणि वृद्धांसाठी धोक्याचं आहे.

पावसासाठी पिशवीवर मिलिमीटरमध्ये एक आकडा असतो. १,५०० मिमी म्हणजे ते कापड दीड मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब झेपवतं. छताला एवढं साधारण पुरतं. तळाला जास्त हवं, कारण गुडघा टेकला की तिथं दाब वाढतो. केवळ 'वॉटरप्रूफ' लिहिलंय आणि आकडा नाही, असा तंबू हिवाळ्यापुरता समजावा.

हिवाळ्यात वेगळीच तक्रार येते. सकाळी आतून पाणी टपकतं आणि माणूस म्हणतो, तंबू गळका निघाला. बहुतेक वेळा ते झोपणाऱ्यांच्या श्वासाचंच दव असतं. एकपदरी झटपट तंबूत हे जास्त होतं. वरचे झरोके उघडे ठेवले की कमी होतं. आत जाळी आणि वर वेगळं छत असा दुपदरी तंबू यासाठी चांगला.

तंबू सर्वांत लवकर खराब होतो तो मुक्कामी नव्हे, घरी. सकाळी निघायच्या घाईत ओला तंबू गुंडाळला आणि डिकीत राहिला, तर बुरशी धरते. आतला पाणीरोधक लेप ओल आणि उष्णतेनं चिकट होतो, सुटतो, वास मारतो. मग तो तंबू परत सुधारत नाही. घरी आल्यावर त्याच दिवशी ओसरीत किंवा सावलीत दोरीवर टाकून पूर्ण वाळवावा. वॉशिंग मशीन आणि कपड्यांची पावडर दोन्ही टाळावं. ओल्या फडक्यानं पुसणं पुरे. पत्र्याच्या खोलीत आणि धान्याच्या पोत्यांजवळ ठेवू नये. पत्र्याखाली लेप तापतो आणि पोत्यांजवळ उंदीर येतात.

काळी माती आणि वळवाचा वारा

झटपट तंबूसोबत येणाऱ्या मेखा म्हणजे पातळ तारेचे खिळे. मुरमाड जमिनीत त्या वाकतात. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडलेल्या असतात, तिथं मेख सैल बसते. पावसाळ्यात तीच माती लोण्यासारखी होते आणि मेख उपसून येते. उपाय स्वस्त आहे. आठ-दहा मिमीच्या सळईचे फूट-सव्वा फुटाचे तुकडे लोहाराकडून एका टोकाला वाकवून घ्यायचे. आठ मेखा आणि एक हातोडा डिकीत कायम ठेवायचा. मेख तंबूच्या उलट बाजूला कलती ठोकायची. नदीकाठच्या वाळूत मेख धरत नाही. तिथं वाळूनं भरलेली पिशवी तणाव्याला बांधून पुरावी.

सर्वांत जास्त होणारी चूक अशी, की तंबू आपोआप उभा राहिला म्हणून लोक तणावे बांधतच नाहीत. रिकामा तंबू म्हणजे शीडच. वळवाच्या एका झोताला केळीची बाग आडवी होते, तिथं तीन-चार किलोचा तंबू कुठे राहणार? तणावे बांधायला पाच मिनिटं लागतात आणि तीही 'झटपट'च्या हिशेबात धरली पाहिजेत. पाठ वाऱ्याकडे, दार आडोशाला. गाडी वाऱ्याच्या बाजूला आडवी लावली तर चांगला आडोसा होतो. तणावा गाडीच्या चाकाला किंवा कॅरिअरला बांधला असेल तर किल्ली चालकाकडे नको, सकाळी विसरून गाडी हलवली की तंबू गेला. विजा चमकू लागल्या तर तंबू सोडून बंद गाडीत बसावं. उंच एकट्या झाडाखाली थांबू नये.

कोरड्या नाल्यात किंवा नदीपात्रात कधीही मुक्काम करू नये. सातपुड्यात वर पाऊस झाला की खाली आभाळ मोकळं असतानाही लोंढा येतो.

कुठे ठोकता येतो, कुठे नाही

बुऱ्हाणपूरहून धारणी-सेमाडोहमार्गे चिखलदऱ्याला जाताना रस्ता मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो. जागा सुंदर दिसली म्हणून तिथं गाडी उभी करून तंबू लावता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात परवानगीविना प्रवेश आणि मुक्काम नाही, आग लावण्यास तर सक्त मनाई आहे. राखीव जंगलात भारतीय वन कायदा, १९२७ लागू होतो. राज्य बदललं तरी हे दोन्ही केंद्राचे कायदे दोन्ही बाजूंना सारखेच. जंगलात राहायचं तर वनखात्याच्या संकुलात रीतसर नोंदणी करून राहावं.

खंडवा जिल्ह्यात इंदिरा सागर जलाशयावर हनुवंतियाला २०१६ पासून जलमहोत्सव भरतो, तिथं तंबूंची वसाहत उभी राहते. ते तंबू जागेवर पक्के बसवलेले असतात, त्यांचा अनुभव आपल्या डिकीतल्या तंबूला लागू होत नाही. बाकी ठिकाणी शेतमालकाला, देवस्थानाला किंवा ढाबेवाल्याला विचारून, उजेड असतानाच जागा धरावी. विचारून थांबलं की पाणीही मिळतं आणि रात्री कुणी उठवायला येत नाही.

शिवलेला तळ आणि पूर्ण बंद होणारी जाळी हा झटपट तंबूचा खरा मोठा फायदा. उघड्या पालात किंवा नुसत्या ताडपत्रीवर झोपण्यापेक्षा साप-विंचवापासून यात चांगलं संरक्षण मिळतं. अट एकच, चेन कायम बंद हवी. चपला-बूट सकाळी झटकूनच पायात घालावेत. खळ्यावर राखणीला झोपणाऱ्या शेतकऱ्यालाही या कारणासाठी छोटा तंबू उपयोगी पडतो.

आत शेगडी नको, इंजिन चालू नको

थंडीत तंबूत कोळशाची शेगडी ठेवणं, आत गॅसवर चहा करणं किंवा डिकीला तंबू जोडून एसीसाठी इंजिन चालू ठेवणं, या तिन्ही गोष्टी जीवघेण्या आहेत. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला जाग येण्याआधीच तो बेशुद्ध होतो. शिवाय पॉलिस्टर-नायलॉन पेट घेतलं की वितळून अंगाला चिकटतं. चूल तंबूपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला असावी.

रात्रीचा भाव काढा

तंबूची किंमत छापील आकड्यावर नव्हे, रात्रीवर मोजावी. समजा, ४,८०० रुपयांचा झटपट तंबू २४ रात्री चालला आणि सांधा तुटून बाद झाला. एका रात्रीला २०० रुपये पडले. समजा, ९,००० रुपयांचा साधा, अॅल्युमिनियम काड्यांचा तंबू ९० रात्री चालला आणि त्यावर दुरुस्तीला ९०० रुपये गेले. तर रात्रीला ११० रुपये. महाग वाटलेला तंबू निम्म्याच्या जवळपास स्वस्त पडला.

पण हिशेब उलटाही होतो. वर्षातून दोनच रात्री, तेही हिवाळ्यात, मुलांसोबत बाहेर पडणाऱ्याला ९० रात्री पुऱ्या करायला ४५ वर्षं लागतील. अशांना छत्रीसारखा मध्यम तंबू ठीक आहे. दर महिन्याला निघणाऱ्यानं, पावसाळ्यात राहणाऱ्यानं किंवा दिंडीत महिनाभर रोज ठोकून रोज सोडणाऱ्यानं मात्र सेकंदांच्या मागे लागू नये. तिथं ओवायच्या काड्यांचा तंबू किंवा आपली राहुटीच परवडते.

घेताना काय पाहावं

- दुकानात स्वतः उघडून स्वतःच मिटून पाहावा. मिटता आला नाही तर घेऊ नये.
- सांधा आणि काड्या सुट्या मिळतात का, हे विचारावं. 'नाही' म्हटलं तर किंमत त्या हिशेबानं ठरवावी.
- 'चार जणांचा' लिहिलेला तंबू सामानासह दोन मोठे आणि एक मूल एवढ्यांचा समजावा.
- मिटल्यावरची लांबी आणि आपल्या डिकीची रुंदी मोजूनच घ्यावी.
- छताचा आणि तळाचा मिमीचा आकडा, शिवणीवरची पट्टी, तणाव्यांची संख्या पाहावी.
- घरी आणल्यावर अंगणात एकदा ठोकून वर पाणी ओतून पाहावं. परत करायची मुदत संपण्याआधी.

सीमाभागात आणखी एक अडचण असते. माणूस राहतो मध्य प्रदेशात, तंबू घेतो जळगावला, किंवा उलट. वस्तू सदोष निघाली तर 'तिकडच्या राज्यात जाऊन भांडा' असं ऐकून लोक गप्प बसतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. ऑनलाइन खरेदीलाही हे लागू आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. बिल मात्र पक्कं हवं. बिलाशिवाय दोन-तीनशे रुपये वाचवले तर हा हक्क बजावणं अवघड होऊन बसतं.

थोडक्यात

हिवाळ्यातल्या मोजक्या रात्री, सपाट जमीन आणि गाडी शेजारी असेल तर झटपट तंबू सोयीचा आहे. पावसाळा, डोंगरावरचा वारा किंवा रोजचा वापर असेल तर दहा मिनिटं घेणारा, दुरुस्त होणारा तंबू बरा. कोणताही घेतला तरी सळईच्या आठ मेखा, खाली ताडपत्री, सगळे तणावे आणि घरी आल्यावर सावलीत वाळवणं, या चार सवयींनी त्याचं आयुष्य वाढतं. मेखा आणि ताडपत्रीचा खर्च तंबूच्या किमतीपुढे किरकोळ आहे. तो तंबू घेतानाच करून टाकावा.